ठरलेल्या कार्यक्रमात बदल

"श्रोतेहो, ठरलेल्या कार्यक्रमात बदल करून..." एवढे शब्द कानावर पडले की आमच्या रत्नागिरीच्या घरात सगळे हातातलं काम सोडून रेडिओकडे बघायला लागायचे. (रेडिओकडे बघून काय दिसणार? पण बघायचे खरे!) गाणं मध्येच तुटायचं, दोन क्षण शांतता, आणि मग निवेदकाचा जरा वेगळा लागलेला आवाज. कोणीतरी गेलं, नाहीतर कुठेतरी काहीतरी झालं, एवढं त्या आवाजावरूनच कळायचं.

आता मोबाईल दिवसातून शंभर वेळा मध्येच बोलतो आणि आपण एकदाही दचकत नाही. मग त्या वेळच्या खंडात एवढी ताकद कुठून यायची? गेले काही दिवस हे डोक्यात घोळत होतं, म्हटलं लिहून टाकावं.

सुरुवात रेडिओच्या आधीपासून करायला हवी. कोकण किनाऱ्यावर धोक्याची सूचना म्हणजे बावटा. बंदरावर खांबाला बावटा चढला की होड्या बाहेर काढायच्या नाहीत. आजही पेपरात 'बंदरात तीन नंबरचा बावटा' अशी बातमी येते ती यातूनच. पण बावट्याची एक अडचण आहे. तो डोळ्यांना दिसावा लागतो. जो किनाऱ्यावर आहे त्याला तो दिसतो, आणि ज्याला त्याची खरी गरज आहे तो केव्हाच क्षितिजापलीकडे गेलेला असतो.

१७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. सकाळी बुडालेल्या बोटीची खबर मुंबईला कळली ती दुपार उलटून गेल्यावर, पोहत किनारा गाठलेल्यांकडून. मुंबई म्हणजे गजबजलेलं बंदर. शिवाय त्या शहरात १९२७ पासून रेडिओ केंद्र होतं. गाणी होती, भाषणं होती, बातम्या होत्या. पण हाकेच्या अंतरावर माणसं बुडत असताना कार्यक्रम चालू राहिला, कारण थांबवायला हवा हे कोणाला ठाऊकच नव्हतं. ऐनवेळी कार्यक्रम थांबवायचा तर आधी बातमी पोहोचवणारा कोणीतरी लागतो. साधी गोष्ट आहे, पण विसरायला होते.

दुसरी गोष्ट कोयनेच्या भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७, पहाटे साडेचारच्या सुमारास. कोयनानगरच्या परिसरात पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली आणि हादरा सगळ्या महाराष्ट्राला बसला. आमचे आबा तेव्हा चिपळूणला नोकरीला होते. ते सांगायचे की लोक अंगणात, रस्त्यावर थंडीत कुडकुडत उभे होते आणि उजाडेपर्यंत 'धरण फुटलं' अशी आवई उठली. पानशेत फुटून जेमतेम सहा वर्षं झाली होती, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला यात नवल नाही. खरं तर कोयना घाटावर, पूर्वेला वाहते. धरण फुटलं असतं तर पाणी कऱ्हाडकडे गेलं असतं. पण अशा वेळी भूगोल कोणाला आठवतो? आळीत एकाकडे ट्रान्झिस्टर होता. त्याच्या ओट्यावर गर्दी जमली. धरण शाबूत आहे असं रेडिओवर ऐकलं तेव्हाच माणसं आपापल्या घरात शिरली, असं आबा सांगायचे. वर एक वाक्य हमखास जोडायचे, "शेजाऱ्याने सांगितलं असतं तर पटलं नसतं."

का पटलं नसतं? आवाज तर दोन्हीकडे माणसाचाच. पण रेडिओवरचा तो आवाज रोज ठरलेल्या वेळी यायचा. बाजारभाव सांगायचा, पावसाचं सांगायचं, आणि साधारण तसंच घडायचं. मला वाटतं, मध्येच थांबवून बोलण्याचा हक्क असा रोजच्या कंटाळवाण्या खरेपणातून मिळतो. तो कोणी हुकूम काढून देऊ शकत नाही.

रत्नागिरीला स्वतःचं आकाशवाणी केंद्र मिळालं ते १९७७ साली. त्याआधी आम्ही मुंबईचे श्रोते. केंद्र आल्यावर पहिला फरक पडला तो गावांच्या नावांचा. राजापूर, लांजा, गुहागर, दापोली ही नावं रेडिओवर ऐकायला येतात याचंच आजीला केवढं कौतुक! नाट्यसंगीत, शेतकऱ्यांसाठी गप्पा, बातम्या, आणि सगळ्यांत रटाळ वाटणारी गोष्ट म्हणजे मच्छीमारांसाठी हवामानाची सूचना. वाऱ्याची दिशा, वेग, समुद्र खवळलेला की शांत. लहानपणी त्या दोन मिनिटांत आम्ही पाणी प्यायला उठायचो. मिरकरवाड्यात मात्र त्याच दोन मिनिटांसाठी रेडिओ लावला जायचा.

इथे थोडं विज्ञान. (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा!)

रत्नागिरी केंद्राचं प्रसारण मीडियम वेव्हवर सुरू झालं. या लहरी जमिनीला धरून जातात आणि डोंगराला वळसा घालतात. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत सरळ जातात, मध्ये सह्याद्रीचा एखादा फाटा आला की संपलं. आपल्याकडे तर दर दोन मैलांवर घाटी आणि खाडी. शिवाय खारं पाणी विजेचं उत्तम वाहक असल्यामुळे मीडियम वेव्हच्या लहरी समुद्रावरून जमिनीपेक्षा कितीतरी लांब पोचतात. म्हणजे ज्या नाखव्याला बावटा दिसत नाही त्याला साध्या ट्रान्झिस्टरवर सूचना ऐकू येऊ शकते. कोकणासाठी याहून सोयीचं साधन शोधून सापडलं नसतं.

असो. आता नाण्याची दुसरी बाजू.

कार्यक्रम थांबवण्याची ताकद ज्याच्या हातात, तो तिचा उपयोग स्वतःसाठीही करू शकतो. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देशाने पंतप्रधान इंदिरा गांधींचा आवाज आकाशवाणीवर ऐकला. तोही ठरलेल्या कार्यक्रमातला बदलच होता! पुढचे एकवीस महिने रेडिओ सरकारचीच री ओढत राहिला आणि लोक चेष्टेने त्याला 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणू लागले. आमचं केंद्र सुरू झालं ते नेमकं आणीबाणी उठली त्या वर्षी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने माध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली. आकाशवाणीला स्वायत्तता द्यावी अशी शिफारस वर्गीस समितीने १९७८ मध्ये केली, कायदा १९९० मध्ये झाला आणि प्रसार भारती प्रत्यक्षात आली १९९७ मध्ये. वीस वर्षं!

उशीर करणंही दोन प्रकारचं असतं. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास. आकाशवाणीने बातमी दिली सहा वाजता, आणि मारेकरी हिंदू आहे हेही सांगितलं. फाळणीच्या जखमा ताज्या असताना हे एक वाक्य नसतं तर त्या रात्री दिल्लीत काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. त्या पाऊण तासात शब्द तोलले गेले होते. आता ३१ ऑक्टोबर १९८४ बघा. इंदिराजींवर सकाळी हल्ला झाला. त्या गेल्याची बातमी बीबीसीने कधीच दिली होती, आकाशवाणीने ती सांगितली संध्याकाळी सहाला. आमच्याकडे वडील दिवसभर शॉर्टवेव्हवर काटा फिरवत होते. आपल्या रेडिओवर काहीच सांगत नाहीत म्हटल्यावर घरातला प्रत्येक जण अधिकच घाबरला. एक उशीर लोकांसाठी होता, दुसरा लोकांपासून लपवण्यासाठी. ऐकणाऱ्याला फरक बरोबर कळतो.

आणखी एक प्रश्न मला छळतो. कोणासाठी कार्यक्रम थांबतो? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माझी आतेबहीण अंधेरीला ऑफिसात अडकली होती. फोन लागत नव्हते. ती सांगते की एफएमवरचे निवेदक गाणी सोडून कुठे पाणी साचलंय, कोण कुठे सुखरूप आहे याचे निरोप सांगत होते. गंमत म्हणजे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला आपल्या देशात परवानगीच नाही, आजही नाही. रहदारी, हवामान, नैसर्गिक आपत्ती यांबद्दलच्या सूचना म्हणजे 'बातमी' नव्हे, असं सरकारी धोरणात स्पष्ट लिहिलं गेलं ते २०११ साली. त्याच्या सहा वर्षं आधी मुंबईच्या पोरांनी ते करून टाकलं होतं.

पण त्याच पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते इथे दरडी कोसळून वाड्याच्या वाड्या गाडल्या गेल्या. चिपळूण पाण्यात होतं. मुंबईच्या बातमीमागे कोकण झाकलं गेलं ते गेलंच. मुंबईची माणसं वाईट होती म्हणून नव्हे. ज्याला जे दिसतं त्यासाठी तो थांबतो. म्हणूनच जवळचं केंद्र हवं. जुई हे गाव आहे, ते कुठे आहे आणि तिकडचा रस्ता कोणत्या घाटातून जातो हे ठाऊक असलेला माणूस माईकसमोर हवा.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं. लक्षद्वीपच्या बाजूला तयार झालेला कमी दाबाचा पट्टा दोन दिवसांत वादळ होऊन किनाऱ्याला लागला. नोव्हेंबर म्हणजे मासेमारीचा भर हंगाम. बोटी आधीच खोल समुद्रात होत्या आणि कित्येक घरांतली माणसं परत आली नाहीत. त्या आठवड्यात मिरकरवाड्याच्या जेटीवर नुसत्या उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सूचना देणं आणि सूचना पोचणं यातलं अंतर त्या दिवशी कळलं.

आता साधनं वाढली आहेत. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचं यंत्र आणलं, त्यातून उपग्रहामार्फत खोल समुद्रातल्या बोटीलाही इशारा मिळतो. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे मोबाईल एकदम कर्कश ओरडले होते, आठवतंय? ती सरकारी आपत्ती-इशाऱ्याची चाचणी होती. चांगलंच आहे. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं तेव्हा दापोली-मंडणगडात विजेचे खांब आडवे झाले आणि मोबाईलचे टॉवर मुके झाले. दापोलीच्या मामीशी आमचा पाच दिवस संपर्क नव्हता. तिच्याकडे मात्र दोन सेलवर चालणारा जुना रेडिओ होता. रस्ता कुठपर्यंत मोकळा झाला, मदत कुठे पोचली, हे ती त्यावर ऐकत होती. म्हणजे आम्हाला तिची खबर नव्हती, पण तिला जगाची होती! नंतर म्हणाली, "पत्रे उडाले त्याचं काही वाटलं नाही रे, पण कोणीतरी आपल्याबद्दल बोलतंय हे ऐकून रडू आलं."

देशभरात मीडियम वेव्हची प्रक्षेपण केंद्रं एकेक करून बंद होत आहेत. यंत्रं जुनी झाली, विजेचा खर्च फार, ऐकतं कोण, आता अॅप आहे की! हिशेब म्हणून खोटं नाही. पण हा हिशेब रोजच्या श्रोत्यांचा आहे. अग्निशमन बंबाचा हिशेब आपण रोज किती आगी लागल्या यावर करतो का?

आणि नुसता बंब ठेवूनही भागत नाही. कोणी रोज ऐकतच नसेल तर ऐनवेळी थांबवायचं काय? गाणी, बाजारभाव, ते रटाळ हवामान हे सगळं चालू असेल तरच त्यात पडलेला खंड ऐकू येतो. म्हणून नातेवाईक मंडळींना एकच सांगणं आहे. कपाटावरचा रेडिओ खाली काढा, सेल बदला, आणि आठवड्यातून एकदा तरी आपलं केंद्र लावून बघा. जूनच्या आधी जमलं तर बरं.

तुमच्याकडे असा थांबलेला कार्यक्रम कधी ऐकला होतात ते जरूर कळवा. चिपळूणकरांकडून जास्त अपेक्षा आहे!