कॅराव्हॅनमधील जनित्राचे वारंवार बंद पडणे

कॅराव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेले पर्यटन वाहन, थांबलेले असताना त्यातील दिवे, पंखे, शीतकपाट व वातानुकूलन यंत्र चालवण्यासाठी इंधनावर चालणारे लहान जनित्र वापरले जाते. हे जनित्र सुरू होऊन काही वेळाने आपोआप थांबणे हा त्यातील नेहमी आढळणारा दोष आहे. इंधन, हवा, वंगण, ठिणगी, उष्णता आणि विद्युत भार यांपैकी एखाद्या घटकात बिघाड झाल्यास तो उद्भवतो. अनेकदा बंद पडणे हा स्वतंत्र बिघाड नसून इंजिनाचे नुकसान टाळण्यासाठी संरक्षक यंत्रणेने केलेली कृती असते. त्यामुळे जनित्र पुन्हा पुन्हा सुरू करण्यापूर्वी ते का थांबले हे शोधणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर हे काळभैरव मंदिर आणि समुद्रकिनारा यांमुळे प्रसिद्ध असलेले तीर्थक्षेत्र व पर्यटनस्थळ आहे. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव व म्हसळा या मार्गाने, तर रत्नागिरी जिल्ह्याच्या बाजूने वेश्वी–बागमांडला फेरीबोटीने वाहने येथे येतात.

या किनाऱ्यावर जनित्राचे महत्त्व केवळ पर्यटकांपुरते नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्यात विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि श्रीवर्धन परिसरातील अनेक गावे दीर्घकाळ विजेविना राहिली. अशा प्रसंगी विहिरीवरील पंप, औषधांसाठीचे शीतकपाट आणि मोबाइलचे चार्जिंग जनित्रावर अवलंबून राहते. वाहनातील आणि घरातील लहान जनित्रांची रचना सारखीच असल्याने पुढील माहिती दोहोंना लागू पडते.

रचना व संरक्षक यंत्रणा

जनित्रात इंजिन आणि विद्युतनिर्मिती करणारा भाग असे दोन प्रमुख घटक असतात. भारतात २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ वीज वापरली जाते. त्यासाठी द्विध्रुवी जनित्राचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेते. इन्व्हर्टर प्रकारच्या जनित्रात मात्र भारानुसार इंजिनाचा वेग बदलतो.

बहुतेक लहान जनित्रांत तेलाची पातळी घटल्यास ठिणगी तोडणारा संवेदक असतो. मोठ्या संचांत तेलाचा दाब, तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज यांवर लक्ष ठेवणारा नियंत्रक असतो. दोष आढळल्यास तो इंजिन थांबवतो आणि पडद्यावर किंवा दिव्याच्या उघडझापीने सांकेतिक क्रमांक दाखवतो. या क्रमांकाचा अर्थ उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो.

निदान

प्रथम इंजिन थांबते की केवळ वीजपुरवठा खंडित होतो, हे पाहावे लागते. इंजिन चालू असून वीज येत नसेल, तर अतिभारामुळे ब्रेकर किंवा इन्व्हर्टरचे संरक्षण कार्यान्वित झालेले असते. इंजिनच थांबत असेल, तर ते कसे आणि किती वेळाने थांबते यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

* बटण दाबल्याप्रमाणे एकाएकी थांबणे : ठिणगीचा मार्ग, तेलाचा संवेदक किंवा सैल वायर यांत दोष असण्याची शक्यता अधिक असते.
* आवाज वरखाली होत हळूहळू थांबणे : इंधन कमी पडत असल्याचे हे लक्षण आहे.
* सुरू होताच काही सेकंदांत थांबणे : तेलाची पातळी, इंधनाचा कॉक आणि चोकची स्थिती तपासतात.
* १० ते ३० मिनिटांनी थांबणे व विश्रांतीनंतर पुन्हा सुरू होणे : टाकीच्या झाकणाचे हवाछिद्र बुजणे, इंजिन तापणे किंवा तापल्यावर इग्निशन कॉइल निकामी होणे ही कारणे संभवतात.
* भार दिल्यावरच थांबणे : अतिभार, कार्ब्युरेटरचे अंशतः बुजलेले जेट किंवा एअर फिल्टरमधील कचरा यांकडे लक्ष द्यावे लागते.

प्रमुख कारणे

इंधन

दीर्घकाळ साठवलेल्या पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि चिकट थर मागे राहतो. या थरामुळे कार्ब्युरेटरचे सूक्ष्म छिद्र असलेले जेट बुजते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते. पाण्याचे प्रमाण वाढल्यास इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी जमतात. घाटातील धक्क्यांनी टाकीतील गाळ ढवळला जाऊन इंधनाच्या फिल्टरमध्ये अडकतो. त्यामुळे घरी नीट चाललेले जनित्र मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर अडखळू शकते.

इंधन वापरले जात असताना टाकीत त्या प्रमाणात हवा शिरावी लागते. झाकणातील छिद्र बुजल्यास आत निर्वात स्थिती निर्माण होऊन इंधनाचा प्रवाह थांबतो. इंजिन थांबवून व थंड होऊ देऊन झाकण सैल करताना हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला, तर हे कारण जवळजवळ निश्चित होते. झाकण सैल ठेवून जनित्र चालवणे मात्र आगीच्या दृष्टीने धोकादायक आहे.

वाहनाच्या मुख्य टाकीतून इंधन घेणाऱ्या जनित्राची नळी अनेकदा मुद्दाम उंचावर ठेवलेली असते. जनित्राने सर्व इंधन संपवून वाहन अडकून पडू नये, हा त्यामागील हेतू असतो. टाकी पाव भागापर्यंत आल्यावर जनित्र थांबते, ते यामुळेच. डिझेल जनित्रात इंधननळीत हवा शिरल्यास ती बाहेर काढावी लागते.

वंगण व उतार

तेल पुरेसे असूनही वाहन उतारावर उभे असल्यास ते एका बाजूला सरकते आणि संवेदक इंजिन थांबवतो. किनाऱ्यालगतच्या वाळूत चाक किंवा जनित्राचा पाय रुतल्यानेही असा कल निर्माण होतो. म्हणून तेलाची पातळी सपाट जागी, इंजिन बंद असताना पाहतात. संवेदकाची वायर काढल्यास जनित्र चालू राहते. परंतु तेल खरोखरच कमी असल्यास पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून इंजिन कायमचे निकामी होऊ शकते.

उष्णता

वाहनाच्या कप्प्यात बसवलेल्या जनित्राला थंड हवा आत येण्याचा आणि गरम हवा बाहेर पडण्याचा स्वतंत्र मार्ग लागतो. आवाज कमी करण्यासाठी कप्पा झाकणे, जाळीसमोर सामान ठेवणे किंवा पावसापासून रक्षणासाठी ताडपत्री गुंडाळणे यांमुळे तापमान वाढते. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीतील ठिणगीरोधक जाळी काजळीने भरल्यासही इंजिनाची शक्ती घटते.

विद्युत भार

२ किलोव्होल्ट-अँपिअर क्षमतेचे जनित्र २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह देऊ शकते. वातानुकूलन यंत्र किंवा पंप सुरू होतेवेळी नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह घेतो. त्यामुळे चालू स्थितीतील बेरीज क्षमतेत बसत असली, तरी सुरुवातीच्या क्षणी जनित्र दबते. सर्व उपकरणे बंद करून जनित्र चालवणे आणि नंतर एकेक उपकरण जोडणे ही या दोषाची सोपी परीक्षा होय.

किनारी हवामानाचा परिणाम

हरिहरेश्वरसारख्या ठिकाणी हवेत क्षार व ओलावा दोन्ही असतात. तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो, बॅटरीची टोके गंजतात आणि स्पार्क प्लगच्या टोपीत ओल शिरते. वाऱ्याबरोबर येणारी बारीक वाळू एअर फिल्टरमध्ये साठते. किनाऱ्यावरून परतल्यावर जनित्र कोरड्या फडक्याने पुसणे, जोड स्वच्छ करून घट्ट बसवणे आणि फिल्टर तपासणे उपयुक्त ठरते. महिन्याहून अधिक काळ ते वापरायचे नसल्यास टाकी व कार्ब्युरेटर यांतील पेट्रोल काढून टाकतात.

सुरक्षितता

जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला रंग व वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक तीव्रतेने जोडला जातो. डोकेदुखी, चक्कर व मळमळ ही विषबाधेची आरंभीची लक्षणे आहेत; झोपेत असलेल्या व्यक्तीला ती जाणवतही नाहीत. काही जनित्रांत या वायूचे प्रमाण वाढल्यास इंजिन थांबवणारा संवेदक असतो. असे जनित्र वारंवार बंद पडत असेल, तर संवेदकाला दोष देण्यापूर्वी सर्वांनी मोकळ्या हवेत जाणे आवश्यक आहे.

सुटे जनित्र दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर, वाऱ्याने धूर आत येणार नाही अशा दिशेला ठेवतात. पावसात भिजू नये म्हणून ते पडवीत, ओटीवर किंवा वाहनाच्या आत चालवणे प्राणघातक ठरू शकते. वाहनात झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइड दर्शक बसवणे हितावह असते. घराच्या वायरिंगला जनित्र जोडताना चेंजओव्हर स्विच लागतो. अन्यथा जनित्राची वीज उलट मार्गाने बाहेरच्या तारांत जाऊन दुरुस्ती करणाऱ्या वीज कर्मचाऱ्यांच्या जिवाला धोका निर्माण होतो.

तेल, इंधन, फिल्टर, हवामार्ग आणि भार यांची तपासणी वापरकर्ता स्वतः करू शकतो. त्यानंतरही जनित्र थांबत राहिल्यास कॉइल, नियंत्रक आणि इंजिनाचे अंतर्गत भाग यांची तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून करून घेतात.