पंचाचा शब्द आणि घरचे नियम

डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याच्या कुळातले इतर भूमिकाखेळ दोन आधारांवर चालतात: छापील नियमपुस्तक आणि टेबलाशी बसलेल्या पंचाचा शब्द. या पंचाला डंजन मास्टर किंवा गेम मास्टर म्हणतात. प्रत्येक खेळाडू एकेका पात्राच्या वतीने बोलतो; राक्षस, राजे, वादळे, कुलूपबंद दारे असे उरलेले सगळे जग मास्टर सांभाळतो. पुस्तकातला नियम बदलण्याचा, गाळण्याचा किंवा नवा घालण्याचा अधिकारही त्याचाच. अशा रीतीने एखाद्या गटापुरते रूढ झालेले नियम म्हणजे घरचे नियम. या खेळाच्या इतिहासात पंचाचा निर्णय आधी आला आणि पुस्तक नंतर आले.

पंचाची ही परंपरा प्रशियाच्या सैन्यातून आली. 1824 मध्ये लेफ्टनंट फॉन राइसवित्झ याने 'क्रीगश्पील' या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. दोन्ही पक्षांचे अधिकारी आपले हुकूम पंचाकडे देत. पंच नकाशावर तुकड्या हलवी, फासे टाकून आणि तक्ते पाहून चकमकीचा निकाल काढी आणि ज्या पक्षाला जेवढे दिसणे शक्य आहे तेवढेच दाखवी. तक्ते आणि हिशेब यांत खेळ फार रेंगाळतो, अशी तक्रार पुढे वाढत गेली. 1876 मध्ये फॉन व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने फासे आणि तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर सगळा भार टाकावा असे मांडले. नियमाने बांधलेला पंच आणि अनुभवावर विसंबणारा पंच, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

1880 मध्ये अमेरिकी लष्करातील चार्ल्स टॉटन याने 'स्ट्रॅटेगोस' हे पुस्तक लिहिले. खेळाडूने काहीही करून पाहावे आणि त्याचे फळ पंचाने ठरवावे, हा विचार मिनेसोटातील हौशी युद्धखेळाडू डेव्हिड वेस्ली याला त्यात सापडला. 1969 मध्ये त्याने ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर एक खेळ बेतला. पलटणी हलवण्याऐवजी प्रत्येकाला एकेक माणूस दिला आणि त्या माणसाचे स्वतःचे हेतू ठरवून दिले. खेळाडू कोपऱ्यांत जाऊन कुजबुजू लागले, मसलती करू लागले. दोघांनी तर द्वंद्वयुद्ध जाहीर केले आणि निकाल मागितला. त्यासाठी कोणताही नियम लिहिलेला नव्हता. वेस्लीने जागच्या जागी फासे टाकून निवाडा केला. खेळ हातातून निसटला असे त्याला वाटले, पण खेळाडूंना तो पुन्हा हवा होता.

त्या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसन याने 1971 पासून 'ब्लॅकमूर' ही स्वतःची मोहीम चालवली. तिचे नियम गरजेप्रमाणे बदलत गेले. एका खेळाडूचे पात्र पिशाच बनून भलतेच बलाढ्य झाले, तेव्हा समतोल राखण्यासाठी आर्नेसनने भुताखेतांना पळवून लावणारा धर्मगुरू खेळात आणला. चित्रपटांतले पिशाचशिकारी त्याच्या डोळ्यांसमोर होते. एका टेबलावरच्या अडचणीतून जन्मलेला हा 'क्लेरिक' पुढे खेळातल्या पात्रांच्या मूळ वर्गांपैकी एक झाला.

आर्नेसनची टिपणे आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्स याचे लेखन यांतून जानेवारी 1974 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स प्रकाशित झाले. खोक्यात तीन पुस्तिका होत्या, किंमत 10 डॉलर आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती 1000. या पुस्तिका वाचून खेळ शिकणे सोपे नव्हते. कोणी आधी वार करायचा, मंत्र किती वेळा म्हणता येतो, यांसारखे प्रश्न अर्धवट सुटलेले होते. वाचकाने हे नियम पाया मानून आपले जग स्वतः रचावे, असे लेखकांनीच शेवटी सुचवले होते. त्यामुळे प्रत्येक गटाला पहिल्याच दिवशी काही ना काही ठरवावे लागे. वीस बाजूंच्या फाशावर तेव्हा 0 ते 9 हे आकडे दोनदा छापलेले असत. खेळाडू त्यातल्या दहा बाजू शाईने किंवा रंगीत खडूने रंगवत आणि रंगीत बाजू आली की दहा मिळवत. कोणता रंग 'वरचा', हेही घरीच ठरे.

खेळ जसजसा पसरला तशी प्रदेशागणिक वळणे पडली. कॅलिफोर्नियात कॅलटेकच्या विद्यार्थ्यांनी 'वॉरलॉक' नावाने स्वतःचे नियम छापले आणि मंत्रांसाठी गुणांचा हिशेब आणला. लॉस एंजेलिस भागातील एका गटाने चोराचे पात्र घडवले. त्याची कल्पना गायगॅक्सपर्यंत पोचली आणि 1975 च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत चोर अधिकृत झाला. त्याच पुरवणीतला 'मॅजिक मिसाइल' हा मंत्र नेम न चुकता लागतो की फासा टाकावा लागतो, हे स्पष्ट नव्हते. 1977 च्या सोप्या आवृत्तीने फासा टाकायला सांगितले, 1978 च्या पुस्तकाने तो हमखास लागतो असे ठरवले. टेबलांवर दोन्ही रिवाज चालत राहिले.

काही घरचे नियम वाढत वाढत स्वतंत्र खेळ झाले. अ‍ॅरिझोनातील केन सेंट आंद्रे याने 1975 मध्ये साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा 'टनेल्स अँड ट्रोल्स' काढला. स्टीव्ह पेरिनने लढाईसाठी बांधलेले नियम खेळाडूंच्या मेळाव्यात वाटले गेले आणि 1978 च्या 'रूनक्वेस्ट'ची वाट मोकळी झाली.

या विविधतेला आवर घालण्याचा मोठा प्रयत्न गायगॅक्सनेच केला. स्पर्धांमध्ये वेगवेगळ्या गावांचे खेळाडू एकत्र बसत, तेव्हा एकसारखे नियम लागत. 1977 ते 1979 या काळात आलेल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' मालिकेत त्याने एकरूपतेवर भर दिला. तरी 1979 च्या मास्टरसाठीच्या ग्रंथात शेवटचा शब्द मास्टरचाच राहिला आणि अक्षरापेक्षा खेळाचा आत्मा मोठा मानला गेला. हा विरोधाभास खेळाच्या स्वभावातच आहे. अनोळखी माणसांना एकत्र खेळायला समान पुस्तक लागते आणि पुस्तकाने न कल्पिलेली चाल आली की माणूसच लागतो.

वीस बाजूंच्या फाशावर वीस पडल्यावर दुप्पट इजा करणारा वार हे याचे बोलके उदाहरण. 1975 च्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या खेळात असा नियम होता आणि तो असंख्य टेबलांवर पोचला. गायगॅक्सने 1979 मध्ये त्याला विरोध केला, कारण तोच नियम राक्षसांनाही लावला तर खेळाडूंची पात्रे भराभर मरतील. आक्षेप रास्त होता: घरचा नियम दोन्ही बाजूंना सारखा लागला तरच तो न्यायाचा. पण खेळाडूंनी तो नियम सोडला नाही आणि 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीने तो मुख्य नियमांत घेतला. त्याच आवृत्तीत पात्र घडवण्याच्या पायऱ्यांमध्ये शून्य क्रमांकाची पायरी होती: आधी मास्टरला विचारा. मास्टरच्या अधिकाराला खेळाडू आज 'रूल झीरो' म्हणतात.

तिसऱ्या आवृत्तीत जवळपास प्रत्येक कृतीसाठी आकडे होते. त्यावर प्रतिक्रिया म्हणून जुन्या खेळांचे पुनरुज्जीवन सुरू झाले. मॅट फिंच याने 2008 च्या छोट्या पुस्तिकेत नियमांपेक्षा निवाडे महत्त्वाचे, ही भूमिका मांडली. दुसऱ्या टोकाला 2010 च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने मास्टरने काय करावे हेच नियमांत लिहिले आणि त्याचे स्वातंत्र्य चौकटीत बसवले. पहिल्या खेळाआधी सर्वांनी बसून अपेक्षा, मर्यादा आणि घरचे नियम ठरवण्याची बैठक, म्हणजे 'सेशन झीरो', हीही रूढ झाली. मास्टरचा अधिकार खेळाडूंच्या विश्वासावर उभा असतो. नियम आधी सांगितलेला असेल तर बदल मान्य होतो. हरताना बदललेला नियम खेळ मोडतो.

2014 च्या पाचव्या आवृत्तीत औषधी द्रव पिण्यात पात्राची त्या फेरीतली मुख्य कृती खर्च होई. जखमी खेळाडूने अख्खी पाळी बाटलीत घालवावी, हे अनेकांना पटेना. असंख्य गटांनी ते दुय्यम कृतीत बसवले. 2024 मध्ये, खेळाच्या पन्नासाव्या वर्षी आलेल्या सुधारित नियमांत ते तसेच छापले गेले. क्लेरिक, चोर आणि दुप्पट वाराप्रमाणे तोही घरचा नियम पुस्तकात जाऊन बसला.