नेफिलीम
नेफिलीम : हिब्रू शब्द. तो मुळातच अनेकवचनी असल्याने इथे ‘नेफिलीम्स’ केलेले नाही. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात (अध्याय ६) देवपुत्र आणि मानवकन्या यांच्या संबंधाच्या ओघात नेफिलीमचा जेमतेम उल्लेख येतो. सविस्तर कथा हनोखाच्या ग्रंथात आहे. तिथे दोनशे देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात, बायका करतात आणि त्यांना महाकाय संतती, म्हणजेच नेफिलीम, होते. हा ग्रंथ संपूर्ण उरला तो इथिओपियातल्या गीझ भाषेत.

बेका फिट्झपॅट्रिक यांनी ‘हश, हश’ (२००९) आणि पुढच्या तीन भागांत हेच बीज अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या शाळकरी मुलीच्या प्रेमकथेत पेरले. त्यांच्या पतित देवदूताला स्पर्शच जाणवत नाही. हेश्वान महिन्यात नेफिलीमचे शरीर बळकावले तरच तो जाणवतो. प्रेमकथेचा सारा दाह या एका कल्पनेतून येतो, आणि माझ्या मते मालिकेतली सर्वांत अस्सल कल्पना हीच. हेश्वान हा ज्यू पंचांगातला महिना साधारण आपल्या आश्विन-कार्तिकात पडतो.

‘पतित देवदूता’ला इथे ‘राक्षस’ म्हणणे जाणूनबुजून टाळले आहे. राक्षसाचे कुळ वेगळे. हा देवदूतांच्याच घरातला.