तारवाल्यांचा तंबू

शनिवारी पहाटे चंद्रपूरला मावशीकडे पोहे हाणले आणि बाईक काढली. निघताना मावशी म्हणाली, "जेलावरून जा रे, बाबूरावांना हात जोड." बाबूराव शेडमाके. वय वर्षं 25. 21 ऑक्टोबर 1858 ला त्यांना इथल्या तुरुंगात फाशी झाली. बाहेरूनच हात जोडले.

पुढे गोंडपिपरी, वैनगंगेचा पूल, आष्टी आणि मग जंगलच जंगल. दुपारी आलापल्लीला काकांकडे. कॅम्पिंग म्हणाल तर त्यांच्याच अंगणात! (जंगलात रात्री तंबू ठोकायची परवानगी नसते, आणि काकूही सोडत नाही.)

तंबू बघून काका म्हणाले, "तारवाल्यांचा असाच असेल." 29 एप्रिल 1858 ला बाबूराव आणि व्यंकटराव यांच्या माणसांनी प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल मारले गेले, पीटर निसटला. पुढे कॅप्टन क्रिक्टनच्या दबावाखाली अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी बाबूरावांना पकडून दिलं.

लहानपणापासून मी अर्थातच बाबूरावांच्या बाजूचा. पण माझी रोजीरोटी नेटवर्कची. त्या तंबूत मीही असू शकलो असतो की राव! काकांना तसं बोललो. ते म्हणाले, "अरे, 57 साली तारेनंच तर इंग्रजांना तारलं. ती तार कुणासाठी होती, ते विचारलं असतंस का तू?"

आमच्या ऑफिसात असं कधी कोणी विचारत नाही. मीही नाही.

काकूनं जेवायला हाक मारली. काका अजून लक्ष्मीबाईंवर यायचे होते.