व्हॅक्यूम क्लीनरची मोटर आणि माझी झोप

गेल्या पावसाळ्यापासून मी नाकावर मास्क लावून झोपतोय. इथे कधी लिहिलं नाही, कारण सरळ आहे, लाज वाटत होती. गावभर पत्रकार म्हणून मिरवायचं आणि रात्री नाकाला नळी लावून पडायचं!

घोरणं आमच्याकडे वडिलोपार्जित. वडील घोरायचे तेव्हा लोक म्हणायचे, काय गाढ झोप आहे! कुंभकर्ण ठरलेलाच. पण माझ्या बायकोला भीती घोरण्याची नव्हती, घोरणं मध्येच थांबायचं त्याची होती. ती हलवून उठवायची, "अहो, श्वास घ्या!" दिवसा मी बैठकांमध्ये पेंगायचो. एकदा मोटारसायकलवर डुलकी लागली आणि थोडक्यात वाचलो, तेव्हा कुठे जिल्ह्याला जाऊन झोपेची तपासणी केली. तासाला ४२ वेळा श्वास अडत होता. स्लीप ॲप्निया. बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले, तेव्हा हे नाव आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं असेल.

मशीन घरी आलं. सीपॅप म्हणतात त्याला. पहिल्या रात्री वाटलं, कुणीतरी नाकात फुंकर मारत बसलंय. घसा कोरडा, पट्ट्यांचे वळ गालावर. चौथ्या दिवशी ते कपाटात गेलं. मग रिकामपणी त्याचा इतिहास वाचत बसलो, आणि माझी मलाच लाज वाटली. या वेळी वेगळ्या कारणाने.

१९८० पर्यंत या आजार बळावलेल्या माणसाला खात्रीचा एकच उपाय होता, गळ्याला भोक. श्वासनलिकेत खालून नळी बसवायची, दिवसा बुच लावायचं, रात्री उघडायचं. सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलमध्ये डॉ. कॉलिन सुलिव्हन यांच्याकडे असाच एक रुग्ण होता. त्याला ते भोक नको होतं. सुलिव्हन त्याआधी टोरांटोत झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वासोच्छ्वासावर संशोधन करत होते, कुत्र्यांच्या तोंडावर बसणारे मास्क त्यांनी बनवले होते. तोच अनुभव इथे कामी आला. जून १९८० मध्ये त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी लावली, म्हणजे ओढण्याऐवजी फुंकणारी, आणि हवा नळीने रुग्णाच्या नाकात सोडली. घसा मिटायचा थांबला. माणूस झोपला.

यात औषध काही नाही, हवेचा टेकू आहे फक्त. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट मिटते, ती आतल्या दाबाने उघडी राहते. १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांवरचा लेख आला, त्यांना साडेचार ते दहा सेंटीमीटर पाण्याइतका दाब पुरला होता. दहा सेंटीमीटर म्हणजे किती? पाण्यात नळी तेवढी बुडवून बुडबुडे काढायला लागतो तेवढा जोर. लेकरं ग्लासात करतात ना, तेच!

आणि मास्क? सुरुवातीच्या रुग्णांसाठी नाकाचा साचा घेऊन तो बनवायचे. रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवायचा, रोज सकाळी सोलून काढायचा. शेजारी मोटर घरघरतेय. तरी ती माणसं रोज लावत होती, आणि मी पट्टीच्या वळांवर रुसलो होतो.

मशीन कपाटातून काढलं. आधी संध्याकाळी बातम्या बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचो, मग झोपेत. ओलाव्यासाठी पाण्याचं भांडं जोडलं. महिनाभरात जमलं. आता एकच शत्रू, रात्री जाणारी लाईट. म्हणून इन्व्हर्टर घेतला. एवढं मला परवडतं.

आमच्या गल्लीतला एक जण रात्री भाजीचा टेम्पो मुंबईला नेतो. दुपारी ओट्यावर झोपतो, त्याच्या घोरण्यातही तसाच खंड पडतो. मी त्याला सगळं सांगितलं. मशीनची किंमत ऐकून तो हसला. "साहेब, एवढ्यात गाडीचे सगळे टायर येतील. लायसन्सला डोळे बघितले माझे, झोपेचं कुणी विचारलं नाही." पण बोलता बोलता म्हणाला, कसाऱ्याच्या घाटात दोनदा डोळा लागलाय.

सोमवारी त्याला तपासणीला नेतोय. येतो म्हणालाय, माल नसला तर.