पंच, जॉन

(सतरावे शतक). उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीतील एक आफ्रिकन वंशाचा नोकर. न्यायालयाने आजन्म सेवेची शिक्षा दिलेला तेथील पहिला ज्ञात आफ्रिकन म्हणून, तसेच बंच या विस्तृत अमेरिकन घराण्याचा संभाव्य मूळ पुरुष म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. त्याच्याविषयीचा प्रत्यक्ष समकालीन पुरावा म्हणजे एका निवाड्यातील काही ओळी होत. जन्म, विवाह, संतती व मृत्यू यांविषयी दप्तरे मूक आहेत.

ह्यू ग्विन या जमीनदाराचे तीन नोकर १६४० मध्ये मेरिलंडमध्ये पळून गेले. त्यांपैकी व्हिक्टर हा डच, जेम्स ग्रेगरी हा स्कॉट, तर पंच हा आफ्रिकन होता. तिघांनाही पकडून आणल्यावर ९ जुलै १६४० रोजी वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयाने (जनरल कोर्ट) निवाडा दिला. प्रत्येकी तीस फटक्यांची शिक्षा सर्वांना सारखीच होती. मात्र दोघा यूरोपीयांनी कराराची मुदत संपल्यावर मालकाकडे एक वर्ष व त्यानंतर वसाहतीसाठी तीन वर्षे अधिक चाकरी करावी, असे ठरले. पंचने मालकाची अथवा मालक ज्याच्या हवाली करील त्याची सेवा आयुष्यभर करावी, असा आदेश झाला. एकाच अपराधासाठी झालेल्या शिक्षेतील या भेदाचे कारण निवाड्यात दिलेले नाही. त्यावेळी व्हर्जिनियात गुलामगिरीचा कायदा अस्तित्वात नव्हता. म्हणून काही इतिहासकार पंचला वसाहतीतील पहिला कायदेशीर गुलाम मानतात. इतरांच्या मते ती एका व्यक्तीला दिलेली शिक्षा होती, तीवरून संस्थेचा आरंभ ठरविता येत नाही. दुसरे मत अधिक सावध असले, तरी शिक्षेची आजन्म मुदत व तिच्यामागील वर्णभेद पुढील कायद्यांची दिशा दाखवितात, हे नाकारता येत नाही.

न्यायालयाची बहुतेक मूळ दप्तरे यादवी युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड शहरातील आगीत नष्ट झाली. तत्पूर्वी उतरवून घेतलेल्या नकलांमुळेच हा निवाडा अभ्यासकांना उपलब्ध आहे. बंच घराणे जेथे वसले, त्या न्यू केंट परगण्याची न्यायदप्तरेही १७८७ मध्ये कचेरीला लावलेल्या आगीत जळाली. साहजिकच या घराण्याचा माग काढताना संशोधकांना परगण्याच्या कचेरीबाहेर टिकलेल्या साधनांवर विसंबावे लागते : राजधानीत नोंदविलेले जमिनीचे पट्टे, चर्चच्या पॅरिशांची दप्तरे, गव्हर्नरच्या मंडळाची कामकाजपत्रे, मृत्युपत्रे व करपात्र व्यक्तींच्या याद्या. यांपैकी करयाद्या विशेष बोलक्या असतात. १६४३ च्या कायद्याने आफ्रिकन स्त्रियांवर डोईकर बसविण्यात आला. घरकाम करणाऱ्या गौरवर्णीय स्त्रियांना तो नव्हता. त्यामुळे एखाद्या कुटुंबातील पत्नीचे वा मुलींचे नाव यादीत आले, की त्या कुटुंबाचा वर्ण अधिकाऱ्यांच्या दृष्टीने काय होता, ते समजते. नोंद कर वसूल करण्यासाठी केली गेली. तिच्यातून वंश कळतो, हा तिचा अनपेक्षित उपयोग होय.

जॉन बंच हे नाव व्हर्जिनियाच्या जमीनविषयक कागदपत्रांत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागते. आफ्रिकन वंशाचा मनुष्य स्वतंत्र असून जमीनधारकही कसा, याचे उत्तर मातेच्या दर्जात असावे. १६६२ च्या कायद्याने अपत्याची गुलामी वा स्वातंत्र्य मातेच्या दर्जावरून ठरू लागले. पंचला गौरवर्णीय स्त्रीपासून पुत्र झाला आणि तो स्वतंत्र राहिला, असे अनुमान त्यामुळे केले जाते.

घराण्याच्या मिश्र वंशाचा लेखी पुरावा १७०५ मधील एका अर्जात मिळतो. जॉन बंच या मुलाटो म्हणजे मिश्रवंशीय पुरुषाचा सेरा स्लेडन या गौरवर्णीय स्त्रीशी विवाह लावण्यास ब्लिसलंड पॅरिशच्या धर्मगुरूने नकार दिला. अशा विवाहास १६९१ च्या कायद्याने बंदी होती. दोघांनी गव्हर्नर व त्याच्या मंडळाकडे दाद मागितली. मुलाटो पुरुष व गौरवर्णीय स्त्री यांच्या अपत्यास मुलाटो म्हणता येईल काय, असा प्रश्न त्यावरून महान्यायवाद्याकडे पाठविण्यात आला. प्रश्न शब्दच्छलाचा वाटला, तरी त्यावर एका कुटुंबाचे भवितव्य अवलंबून होते. त्याच वर्षाच्या कायद्याने निग्रोचे अपत्य, नातवंड व पतवंड यांची गणना मुलाटोंमध्ये केली आणि त्यांना सरकारी पदे बंद केली. आंतरवंशीय विवाहांवरील व्हर्जिनियातील बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये लव्हिंग खटल्यात अवैध ठरविली.

पुढील पिढ्यांत घराणे पांगले. काही शाखा कॅरोलायनांत गेल्या. काही शाखांची गणना कालांतराने गौरवर्णीयांत होऊ लागली. तथापि बंच आडनावाच्या पुरुषांच्या जनुकीय चाचण्यांत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आढळणारे वाय गुणसूत्र मिळाले. हे गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते; त्यामुळे पुरुषपरंपरेचा आरंभ आफ्रिकन पुरुषापासून झाला, हे ठरते. तो पुरुष कोण, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांची आई स्टॅन्ली ॲन डनम (१९४२–९५) यांची एक शाखा बंच घराण्यापर्यंत पोहोचते. ओबामांचे वडील केन्याचे असल्याने अमेरिकेतील गुलामगिरीशी त्यांचा रक्तसंबंध नाही, असा सर्वसाधारण समज होता. ॲन्सेस्ट्री या वंशावळविषयक संस्थेने जुलै २०१२ मध्ये, पंच हा गौरवर्णीय मातेकडून ओबामांचा सुमारे तेरा पिढ्यांपूर्वीचा पूर्वज असावा, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पंच व पहिला बंच यांना जोडणारा दस्तऐवज नाही. नावांतील साम्य, काळ व प्रदेश यांचा मेळ आणि तेव्हा वसाहतीत असलेली आफ्रिकनांची अल्प संख्या यांवर हा दुवा उभा आहे. कारकून नावे ऐकून लिहीत असल्याने ‘पंच’चे ‘बंच’ होणे अशक्य नाही; परंतु संस्थेनेही हा दुवा निर्विवाद सिद्ध झाल्याचे म्हटलेले नाही.