हवाई छत्री आणि अंतराळाचे दार

पहिली स्त्री अंतराळवीर कोण, हा सामान्यज्ञानाचा प्रश्न आपण वर्गात नेहमी विचारतो. व्हॅलेंटिना तेरेश्कोवा हे उत्तर विद्यार्थ्यांना पाठ असते. पण विमान चालवण्याचा अनुभव नसलेल्या एका गिरणीकामगार मुलीचीच निवड का झाली, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

तेरेश्कोवांचा जन्म 6 मार्च 1937 रोजी रशियातील यारोस्लाव्हल प्रांतातल्या एका खेड्यात झाला. वडील ट्रॅक्टरचालक होते. फिनलंडबरोबरच्या युद्धात ते मारले गेले. आई कापडगिरणीत कामाला होती. व्हॅलेंटिनाही गिरणीत लागल्या, पत्राद्वारे शिकल्या आणि फावल्या वेळात हवाई छत्रीने उड्या मारू लागल्या. या छंदामुळेच 1962 मध्ये पाच स्त्रियांच्या तुकडीत त्यांची निवड झाली.

छत्रीचा आणि अंतराळाचा संबंध काय? व्होस्तोक यानाचा वेग ताशी सुमारे 28,000 किलोमीटर असे. भाईंदर ते चर्चगेट हे सुमारे 43 किलोमीटरांचे अंतर त्या वेगाने सहा सेकंदांच्या आत संपेल! यान बहुतांशी स्वयंचलित होते, पण ते जमिनीवर अलगद उतरू शकत नसे. म्हणून सुमारे 7 किलोमीटर उंचीवर अंतराळवीर आसनासह बाहेर फेकला जाई आणि छत्रीने खाली येई.

16 जून 1963 रोजी तेरेश्कोवा व्होस्तोक-6 मधून एकट्याच निघाल्या. 70 तास 50 मिनिटांत त्यांनी 48 प्रदक्षिणा केल्या. तोवर उडालेल्या सहाही अमेरिकी अंतराळवीरांच्या तासांची बेरीज याहून कमी भरते. यानाच्या स्वयंचलित यंत्रणेत दिशेची चूक राहिली होती. परतीच्या वेळी यान खाली येण्याऐवजी आणखी वर गेले असते. तेरेश्कोवांनी ती लक्षात आणून दिली आणि पृथ्वीवरून सुधारित आकडे पाठवले गेले. ही हकिकत अनेक दशके गुप्त राहिली.

अमेरिकेत 1960-61 मध्ये 13 महिला वैमानिक अंतराळवीरांसारख्याच वैद्यकीय तपासण्यांत उत्तीर्ण झाल्या होत्या. परंतु नासाला जेट विमानांचे चाचणी वैमानिक हवे होते आणि ते काम स्त्रियांना मिळतच नसे. सोव्हिएत तुकडीतल्या उरलेल्या चौघीही कधी उडाल्या नाहीत. दुसरी स्त्री, स्वेतलाना सावित्स्काया, अंतराळात गेली ती 1982 मध्ये, 19 वर्षांनी. नासाने पुढे शास्त्रज्ञ व अभियंत्यांनाही प्रवेश दिला, तेव्हा 1983 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सॅली राइड आणि 1997 मध्ये अभियंता कल्पना चावला अंतराळात गेल्या.

म्हणजे अंतराळात कोण जाणार, हे केवळ धैर्यावर ठरत नाही. पात्रतेच्या अटींवरही ठरते. गगनयानासाठी 2024 मध्ये जाहीर झालेले आपले चारही अंतराळवीर हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत, आणि चौघेही पुरुष आहेत. ही अट यानाची गरज म्हणून आली की रूढीतून, याची चर्चा वर्गात अवश्य घडवून आणावी. पाठ केलेल्या नावापेक्षा त्यातून आपल्या विद्यार्थिनींना अधिक काही मिळेल.